पोलो 25 मिमी खाली : स्प्रिंग की कॉइलओव्हर, याच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार. 81,340 किमी.

पुढचा उजवा शॉकॲब्सॉर्बर गळतोय. गाडी धुताना चाक वळवून आत पाणी मारलं, तर स्ट्रटच्या (शॉक आणि स्प्रिंगच्या उभ्या जोडणीच्या) नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ बसून झालेला काळा लेप. मेस्त्रींना फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन आला, "सर, दोन्ही शॉकप गेले समजा. आपल्या रस्त्यावर दहा वर्षं काढली, अजून काय पाहिजे त्यांच्याकडून?"

गाडी 2015 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. चाकणची पैदास, आणि म्हातारी झाली सिंहगड रोडला. आता शॉक बदलायचे म्हणजे स्प्रिंग काढावीच लागणार. मग तीच परत घालायची का, हा प्रश्न आपोआप आला. खरं सांगायचं तर आपोआप वगैरे काही नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती मोकळी जागा, ज्यात चार बोटं आरामात जातात, मला शोरूमपासून खुपते आहे.

त्यात मित्राचा फोन. तो परदेशी चाललाय, त्याची पोलो कंपनीच्या स्प्रिंगवर परत आणून विकणार आणि चार वर्षं वापरलेले कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा शॉक-स्प्रिंगचा सेट, 40,000 ला देणार. "अरे, नवीन चांगला सेट लाखाच्या पुढे जातो. घे आणि हवी तेवढी खाली-वर कर." फेब्रुवारीअखेर सांग म्हणाला.

घरी विषय काढला. बायको म्हणाली, "एवढ्या पैशात गाडी वर उचलून मिळत नाही का?"

14 जानेवारी.

संक्रांतीची सुट्टी टाकली होती, त्यामुळे निवांत मांडणी केली. लोअरिंग स्प्रिंग म्हणजे मूळ स्प्रिंगच्याच जागी बसणारी, थोडी आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग. उंची एकदा जी मिळाली ती मिळाली. कॉइलओव्हर म्हणजे आटे पाडलेल्या बॉडीचा शॉक, त्यावर फिरणारी कॉलर आणि कॉलरवर बसलेली स्प्रिंग. कॉलर फिरवली की उंची बदलते.

पोलोत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे कंपनीचीच स्प्रिंग शॉकभोवती बसलेली. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा तुळईसारखा भाग : स्प्रिंग एकीकडे, शॉक दुसरीकडे. म्हणजे पूर्ण 'कॉइलओव्हर सेट' घेतला तरी मागे मिळतं काय, तर वेगळा शॉक आणि स्प्रिंगखाली आट्यांची एक वाटी. मागे कॉइल कशाच्या ओव्हर नसतेच. हे कळायला मला तिशी उलटावी लागली.

18 जानेवारी, शनिवार. वजनकाटा.

पुढच्या एका चाकावर नक्की किती भार येतो ते पाहिजे होतं. भंगारवाल्यांच्या गल्लीत काटा आहे तिथे गेलो. काटेवाला खिडकीतून, "काय भरलंय?"
"काही नाही."
"मग काटा कशाला करताय?"
"पुढची चाकं वेगळी आणि मागची वेगळी करायची आहेत."
त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि पावतीवर मालाच्या रकान्यात 'रिकामी' असं टाइप केलं. 50 रुपये.

पुढे 700 किलो, मागे 420. अर्धी टाकी, मी बाहेर. काटा 10 किलोच्या टप्प्यात दाखवतो, त्यामुळे यापुढच्या सगळ्या आकड्यांना तेवढी सूट द्यायची. पुढच्या एका चाकावर 350. त्यातून चाक, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेक, निम्मा लोअर आर्म (हबला खालून गाडीशी जोडणारा दांडा) यांचे 40 वजा केले, कारण तो भार स्प्रिंगवर नसतो. उरले 310.

26 जानेवारी, रविवार.

झेंडावंदन आटोपल्यावर पार्किंगमध्ये हा उद्योग. मडगार्डच्या कडेला मोजपट्टीचा तुकडा चिकटवला, फोन तिपाईवर, सेकंदाला 240 चित्रं टिपणारं चित्रण चालू, आणि बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन-तीनदा जोर देऊन हात सोडला. शॉक धड असता तर गाडी एकदा वर येऊन थांबली असती. माझी तीनदा डुलली. गळक्या शॉकचा हा एकमेव फायदा, कारण मोजायला डुलकी लागतेच.

पहिल्या शिखरापासून दुसऱ्यापर्यंत 185 चित्रं. म्हणजे 0.77 सेकंद, सेकंदाला 1.3 डुलक्या. वस्तुमान 310 किलो धरून उलटं गणित केलं की चाकाशी स्प्रिंगचा कडकपणा 20 ते 21 न्यूटन प्रति मिमी निघतो. स्ट्रट जवळपास चाकालाच लागून असल्यामुळे स्प्रिंगचाही साधारण तेवढाच. बुशचं (आर्मच्या सांध्यातलं) रबर आणि टायर यात लुडबुड करतात, पण मला तिसरा दशांश नकोय.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने : लोअरिंग स्प्रिंग साधारण पाव हिश्शाने कडक, 26 धरू. डुलकी 1.46. मित्राच्या कॉइलओव्हरच्या पुढच्या स्प्रिंगवर 5 चा आकडा आहे, म्हणजे मिलिमीटरला 5 किलो, म्हणजे 49 न्यूटन. डुलकी बरोबर 2.0. घरगुती गाड्या 1 ते 1.5 मध्ये असतात. 2 म्हणजे ट्रॅकच्या वाटेला लागलेली गाडी. बाबांना मागे बसवून कोल्हापूरला न्यायची गाडी 2 वर डुलली, तर पुढच्या वेळी ते एसटीने येतील.

1 फेब्रुवारी ते 7 फेब्रुवारी. केबल टाय.

या सगळ्या प्रकरणात सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाचं हत्यार हेच ठरलं. शॉकच्या चकचकीत दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवलं आणि दांड्याला एक केबल टाय अलगद आवळला, सरकेल पण घसरणार नाही इतपत. चाक वर गेलं की शॉकची बॉडी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहतो. संध्याकाळी मोजायचं.

आधी स्थिर अवस्था. बॉडीचं टोक ते बफरचं खालचं टोक, 45 मिमी. बफर म्हणजे वरच्या टोकाला असलेला तो पिवळसर फोमचा गोळा, पुस्तकी नाव बंप स्टॉप. 45 मिमीपर्यंत गाडी स्प्रिंगवर असते, त्यापुढे बफर दबायला लागतो आणि धक्का कडक होत जातो.

शनिवार, एकटाच, नुसता बाजार : 31. सोमवार, ऑफिस : 38. मंगळवार : 36. गुरुवारी धायरीच्या बाजूने खोदलेल्या रस्त्याने आलो, टाय बफरला चिकटून चपटा. शुक्रवारी पुन्हा 38.

म्हणजे रोजच्या जगण्यात मी 45 पैकी 38 वापरतो. आता यात कंपनीच्याच मापाचा शॉक ठेवून 35 मिमी खाली नेणारी स्प्रिंग घातली तर मोकळे उरतात 10. गाडी सोसायटीचं फाटक ओलांडायच्या आत बफरवर बसेल आणि दिवसभर बफरवरच चालेल. लोअरिंग स्प्रिंग घातल्यावर 'गाडी फार कडक झाली' असं जे सगळे सांगतात, त्यातली निम्मी कडकी स्प्रिंगची नसून बफरची असते. 26 च्या स्प्रिंगने हाडं खिळखिळी होत नाहीत.

इतके दिवस मी किती खाली एवढंच विचारत होतो. वर जायला किती उरलं, हे मला कोणी विचारायला सांगितलंच नव्हतं.

9 फेब्रुवारी, रविवार. गतिरोधक.

कॉलनीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक मोजला. दोन बाजूंना दोन विटा, त्यावर ताणलेला दोरा, मधोमध मोजपट्टी. उंची 12 सेंमी, रुंदी जेमतेम एक मीटर. शेजारचे काका फिरायला निघाले होते, थांबले. "महापालिकेत लागलास का रे?"

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 प्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच असावा, वक्राची त्रिज्या 17 मीटर, ताशी 25 किमी वेगासाठी. तो का चांगला ते गणित केल्यावर कळलं. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण 2.47 मीटर अंतर, म्हणजे अख्खी गाडी त्या उंचवट्यावर मावते. मग पोटाखाली कमानीचा फुगवटा किती येतो, तर फक्त 45 मिमी. आमच्यासारख्या मीटरभर रुंदीच्या टेंगळाला मात्र चाकं दोन्हीकडे सपाटीवर आणि पोटाखाली पूर्ण 120. नियमाप्रमाणे बांधलेले गतिरोधक असते, तर पुण्यात 50 मिमी खाली गाडी घेऊन कोणीही सुखाने फिरलं असतं.

पोटाचा सर्वात खालचा भाग माझ्या गाडीत 165 मिमी वर. चौघं बसले की 143.

मग पट्ट्यांचा प्रयोग. गादीवाल्याकडून कडक फोम आणला, 35 मिमी जाडीच्या पट्ट्या कापल्या आणि पुढच्या बंपरच्या ओठाखाली व पोटाखाली दुहेरी टेपने चिकटवल्या. गाडी प्रत्यक्ष खाली न नेता खाली नेल्यासारखी. आठवडाभर अशीच चालवायची.

15 फेब्रुवारी.

पट्ट्यांचा निकाल. ओठाखालची शाबूत, फक्त एका ठिकाणी फुटपाथने खाल्लेली. पोटाखालची बुधवारी गेली. आई-बाबा आले होते, स्वारगेटहून चौघं घरी येताना आधी गतिरोधकावर 'खर्र' आणि मग बेसमेंटच्या उताराच्या माथ्यावर सपशेल फाटून मागे पडली. वॉचमनने ती उचलून दिली आणि आदबीने विचारलं, "साहेब, हे गाडीचंच आहे ना?"

पुन्हा 25 मिमीची पट्टी लावून चौघं बसून दोन फेऱ्या मारल्या. गणिताने उरायला हवे 118, गतिरोधक 120. पट्टीवर ओरखडा आला, फाटली नाही. गाडी तिरकी घेतली की ओरखडाही नाही, कारण एकेक चाक वेगवेगळ्या वेळी चढतं.

25 ठरलं. 35 ची हौस पट्टीबरोबर गेली.

16 फेब्रुवारी, रविवार. मित्राकडे.

कॉइलओव्हर पाहायला गेलो. त्याची गाडी 50 मिमी खाली आहे आणि दिसते मात्र भारी, हे कबूल. संध्याकाळच्या उजेडात चाकं कमानीत अशी बसलेली की बघत राहावं.

चाक काढलं. स्ट्रटच्या खालच्या आट्यांत चिखल भरून वाळलेला, वीट झाल्यासारखा. तारेच्या ब्रशने घासला तेव्हा खाली तांबूस गंज, आणि कॉलरच्या खाचेत बारीक खडी. सी-पाना लावला, दोघांनी जोर दिला, पाना निसटला आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकच्या कडेवर सोलली. गंजावरचं तेल मारून वीस मिनिटं थांबलो. डावी कॉलर कण्हत अर्धा फेरा हलली. उजवी नाहीच.

"शेवटची कधी फिरवली होतीस?"
तो हसला. "बसवली तेव्हा."

हे ऐकून मला हायसं वाटलं. पावसाळ्यात वर, हिवाळ्यात खाली, हे स्वप्न कॉइलओव्हर घेणारा प्रत्येक जण बघतो. प्रत्यक्षात उंची बदलली की टो (चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बदलते, अलाइनमेंट करावी लागते, दिव्यांचा झोत बघावा लागतो. वर्षातून दोनदा हे कोण करतं? ज्यांना ट्रॅकवर चारही कोपऱ्यांचं वजन जुळवायचं असतं ते करतात, आणि त्यांच्यासाठी ही कॉलर खरंच लाखमोलाची. बाकीच्यांसाठी ती उंची ठरवायची एकदाच मिळणारी संधी. शिवाय सगळेच आटे असे गंजत नाहीत. केडब्ल्यू कंपनीच्या व्हेरियंट मालिकेत बॉडी स्टेनलेस स्टीलची असते, ती मुख्यतः युरोपातल्या बर्फावर टाकलेल्या मिठासाठी. कोकणात गाडी असेल तर तिकडेच बघावं. त्यात 1 म्हणजे फक्त उंची, 2 म्हणजे शॉकचा परतीचा जोरही बदलता येतो, 3 म्हणजे दबतानाचा आणि परतीचा दोन्ही.

निघताना त्याने आणखी एक सांगितलं : "मऊ वाटली तर कॉलर घट्ट कर, स्प्रिंग कडक होते." हे इतक्या वेळा ऐकलंय की लिहूनच ठेवतो. सरळ स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला 49 न्यूटनच देणार, कॉलर कुठेही असो. कॉलर वर नेली की गाडी तेवढी वर जाते, बस. मग गाडी कडक का वाटते? उलट वर गेल्यावर बफरपासून लांब जाते, म्हणजे मऊ वाटायला हवी. असो. तो मित्र आहे आणि पोहे चांगले होते.

22 फेब्रुवारी.

अजून एक मोजमाप राहिलं होतं, आणि निर्णय खरं तर त्यानेच पक्का झाला. मेस्त्रींच्या रॅम्पवर गाडी चाकांवर उभी असताना लोअर आर्मला फोनची लेव्हल लावली. आतला बुश वर, बाहेरचा बॉल जॉइंट (हबकडचा गोळ्याचा सांधा) खाली, उतार 5 अंश. आर्म साधारण 33 सेंमी लांब. गाडी 25 खाली गेली की आर्म चारेक अंश उचलला जाईल, म्हणजे जवळपास आडवा होईल. 50 खाली गेली की उलटा, बाहेरचं टोक वर.

मॅकफर्सनमध्ये आर्म उलटा झाला की गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू झपाट्याने खाली जातो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने. दोघांमधलं अंतर वाढतं आणि कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे अति खाली नेलेली गाडी मूळ स्प्रिंगवर असती तर जास्त कलली असती. मित्राच्या सेटमधल्या 5 च्या स्प्रिंगचं एक काम त्या 50 मिमीने केलेलं नुकसान भरून काढणं हेच. आधी खड्डा खणायचा आणि मग त्यात भर टाकायची. यावर उपाय म्हणून लांब दांड्याचे बॉल जॉइंट मिळतात, पण त्या वाटेला गेलं की एकामागून एक भाग बदलतच बसावं लागतं.

कॉइलओव्हरची खरी किमया मला या दोन महिन्यांत कळली ती वेगळीच : आखूड बॉडी. बॉडी आखूड असल्यामुळे गाडी खाली जाऊनही दांड्याला वर जायला जागा उरते. पण आखूड बॉडीचा साधा शॉकही मिळतो. बिल्स्टीन कंपनीचंच घ्या : बी6 मूळ लांबीचा, बी8 आखूड, लोअरिंग स्प्रिंगसाठीच केलेला. बी8 आणि आयबाखच्या स्प्रिंग एकत्र करून विकतात तो बी12. उंची बदलणारा कॉइलओव्हर हवा तर बी14. म्हणजे मधला रस्ता कंपन्यांनीच आखून ठेवलाय, आपणच दोन टोकांवर भांडत बसतो.

नवीन मूळ लांबीचा शॉक आणि 25 ची स्प्रिंग हा सर्वात स्वस्त पर्यायही पाहिला. स्प्रिंग पाव हिश्शाने कडक झाली की त्याच शॉकचं डुलकी शमवण्याचं प्रमाण दहा-अकरा टक्क्यांनी घटतं. तेवढं चाललं असतं. पण मोकळी जागा 45 वरून 20. आणि मी रोज 38 वापरतो.

1 मार्च.

मित्राला नाही कळवलं. त्याने "तुझा तोटा" लिहून हसरा चेहरा टाकला. 25 मिमीच्या स्प्रिंग आणि आखूड शॉक मागवले. पुढचे स्ट्रट माउंट, बेअरिंग आणि लोअर आर्मचे बुशही, कारण मजुरी एकदाच द्यायची. सगळं मिळून खर्च त्या 40,000 च्या बराच वर गेला. बायकोला आकडा सांगितला नाही, तिने विचारलाही नाही. दोघांनाही माहीत आहे.

कायद्याची बाजूही लिहून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या 182-अ मध्ये मालकाने परवानगीबाहेर केलेल्या दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'आरसीवर उंची कुठे लिहिलेली असते?' असं म्हणून उडवून लावणारे पुष्कळ भेटतात. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर असं म्हणेल का, ते बघावं. मी विमा कंपनीला ईमेल टाकून कळवलंय आणि मूळ स्प्रिंग माळ्यावर ठेवणार आहे. जोखीम माझी, हे डोळे उघडे ठेवून.

5 एप्रिल, शनिवार. 83,015 किमी. बसवलं.

पाडव्याला बसवायचं मनात होतं, पार्सल दोन दिवस उशिरा आलं.

बसवण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत : पुढे 372, मागे 378.

स्ट्रट हबच्या खोबणीतून निघायला अर्धा तास. खोबण जराशी फाकवायचं हत्यार असतं, ते लावून मेस्त्री वरून थापट्या मारत राहिले. मग स्प्रिंग कंप्रेसर. इथे मेस्त्रींचा आवाज बदलला. पोऱ्याला म्हणाले, "समोर उभा राहू नको, बाजूला हो." स्वतःही बाजूने, एकदा या बोल्टला दोन फेरे, एकदा त्या बोल्टला दोन. स्प्रिंग किरकिरत आखडत गेली आणि वरचं माउंट सैल झालं. दबलेली स्प्रिंग हातात घेऊन त्यांनी ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मगच बोलले, "हिला पाठ दाखवायची नाही."

नवीन स्प्रिंग आखूड, त्यामुळे थोडंच दाबावं लागलं. खालचं टोक वाटीतल्या खाचेला टेकलंय का, ते मी टॉर्च मारून दोनदा पाहिलं. केबल टाय आठवणीने घातला. जुन्या बुशचं रबर एका बाजूने फाटलेलं निघालं, बदललं ते बरं झालं.

मागचं काम पाऊण तासात. बीम खाली सोडला, स्प्रिंग हातानेच आली.

संध्याकाळी सात. पुढे 358, मागे 359. मागे 19, पुढे फक्त 14? स्प्रिंग बसायला दिवस लागतात म्हणाले. गाडी नाक वर करून उभी, स्पीडबोटीसारखी.

12 एप्रिल.

आठवडा झाला. मागे 356 झालं, पुढे 358 च. शिवाय वळताना डावीकडून 'कुर्र' असा आवाज.

रात्री अंथरुणात उत्तर सापडलं. लोअर आर्मचे नवीन बुश आम्ही गाडी रॅम्पवर लटकलेली असताना आवळले. रबराचा बुश ज्या स्थितीत आवळाल ती त्याची विश्रांतीची जागा. गाडी खाली ठेवल्यावर आर्म वर गेला, रबर पिळलं गेलं, आणि ते पिळलेलं रबर आता गाडीला वर उचलून धरतंय. मेस्त्रींना काय बोलणार, मी स्वतः शेजारी उभा राहून चहा पीत होतो आणि हे मला पाठ होतं.

सकाळी अलाइनमेंटच्या रॅम्पवर, चाकं जमिनीला टेकलेली, आर्मचे बोल्ट सैल केले. डावीकडे 'कट' असा आवाज आला आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत बसली. उजवीकडे आवाज नाही, पण बसली. पुढे 349. एकूण 23. त्याच स्थितीत टॉर्क रेंचने आवळलं. मेस्त्री हनुवटी खाजवत म्हणाले, "म्हणून ती मागची एक गाडी सारखी बुश खात होती."

अलाइनमेंट : पुढचा कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, अंशाच्या साठाव्या भागांत) उणे 30 मिनिटांवरून उणे 50 वर, ठीक. टो दोन्हीकडे बिघडलेली होती, जुळवली. मागे काही जुळवता येत नाही, बीम आहे. दिव्यांचा झोत भिंतीवर पाहून एका घराने वर घेतला.

13 एप्रिल.

पार्किंगमध्ये पुन्हा फोन, तिपाई, मोजपट्टी. बॉनेट दाबलं, सोडलं. वर आली, थांबली. दुसरं शिखर येतच नाही, त्यामुळे डुलकी मोजता येईना. 1.46 हा आकडा आता कायमचा कागदावरच राहणार.

स्थिर अवस्थेत बफरपर्यंत मोकळी जागा 40. ऑफिसच्या दिवसाचं टायचं वाचन 29.

1 मे ते 4 मे. कोल्हापूर.

आई-बाबांना सोडायला. चौघं, डिकी भरलेली. खंबाटकीचा घाट चढताना पहिल्यांदा कळलं की बदललं काय : स्टिअरिंग वळवल्यावर गाडी आधी कलून मग वळायची, ती आता लगेच वळते. सहापदरीकरणाचं काम चालू असल्यामुळे साताऱ्यापुढे वळणरस्तेच वळणरस्ते, डांबर आणि मुरूम यांच्या पायऱ्या. कराडच्या अलीकडे एक पायरी दिसली नाही. धाड. पोटाला नाही लागलं, पण बफरपर्यंत गेली हे पायाला कळलं.

बाबा मागे बसले होते. तासाभराने म्हणाले, "पूर्वी होडीत बसल्यासारखं व्हायचं. आता बैलगाडीत बसल्यासारखं होतंय, पण चांगल्या बैलगाडीत."

परत येताना बोगद्यानंतरच्या त्या कुप्रसिद्ध इंग्रजी एस-वळणावर मुद्दाम काही केलं नाही. तिथे प्रयोग करायचे नसतात.

घरी येऊन टाय पाहिला. बफरला टेकलेला, कडा किंचित चेपलेली.

27 मे. 85,260 किमी.

पाऊस यंदा मेमध्येच आला. चार दिवसांत ओळखीचे खड्डे परत जागेवर. गतिरोधक चौघं असताना तिरका घेतो, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. बेसमेंटच्या माथ्यावर एकदाच टेकली, डिकीत सिमेंटच्या दोन गोणी होत्या तेव्हा.

मागे आता 353. पुढे 348, स्थिर. मित्राचे कॉइलओव्हर शेवटी कोणीतरी 28,000 ला नेले, उजव्या कॉलरसकट.

डावीकडून बारीक टकटक येतेय, ताशी वीसच्या खाली, फक्त खडबडीवर. लिंक रॉड (गाडीचं कलणं रोखणाऱ्या बारचा जोडदांडा) असावा. गाडी खाली गेल्यावर त्याचाही कोन बदललाच असणार आणि तो मी मोजला नव्हता. शनिवारी मेस्त्रींकडे.